आउटपुट म्हणजे केर

दि. ९ फेब्रुवारी, रविवार सकाळ

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद पाठवते आहे. नको असतील तर पाकिटातच राहू दे, जड नाहीत.

तू माझा नंबर बंद केलास त्याला चार वर्षं झाली, मेल केली तर परत येते, म्हणून हा कागद. पत्ता तुझ्या बायकोनं दिला. तिला बोल लावू नकोस. तीन वेळा ती 'विचारून सांगते' म्हणाली, चौथ्यांदा मी फोनवर रडले. मला रडता येतं हे तिला ठाऊक नव्हतं. मलाही ते नवीनच होतं.

इकडे सगळं ठीक. ठीक म्हणजे होतं तसं. तुझे दाजी अजून निवृत्त व्हायचेत, पण निवृत्तीची सगळी लक्षणं आत्ताच दिसतात. एकच पेपर दिवसातून दोनदा वाचतात आणि दोन्ही वेळा त्याच बातमीवर संतापतात. जिन्यातला दिवा तू गेलास तेव्हा लुकलुकत होता, तो अजून लुकलुकतोय. सोसायटीनं त्याच्यावर दोन सभा घेतल्या, बल्ब मात्र आणला नाही.

आईची तब्येत चांगली आहे. गळ्याला रुमाल बांधून रोज कोपऱ्यापर्यंत चालून येते. तिची पांढरी पाटी आता तिसरी. पहिल्या दोन तिनं पुसून पुसून झिजवल्या. समोरचा माणूस वायफळ बोलायला लागला की ती पाटीवर नुसतं एक टिंब काढून त्याच्यापुढे धरते. मोठमोठ्यांची बोलती बंद होते. परवा दाजी डासांवरच्या उपायांबद्दल पंधरा मिनिटं बोलले आणि त्यांना तीन टिंबं मिळाली.

आपलं सॉफ्टवेअर तिनं कधीच वापरलं नाही. मी दोनदा तिच्या पुढ्यात ठेवलं. टाइप केलं की कॉम्प्युटर बोलतो, पण बोलते ती कोण कुठली गोड गळ्याची बाई. आईनं पाटीवर लिहिलं, 'ही मी नाही.' विषय संपला.

ऑफिस हलतंय. जागा निम्मी आणि माणसंही निम्मी. आढावासाहेब मात्र आहेत. दर सोमवारी आढावा, आणि एखाद्या सोमवारी राहिला तर तो का राहिला याचा मंगळवारी आढावा. त्यांनी खालची यंत्रांची खोली रिकामी करायचं काम मला दिलं. तीन तऱ्हेच्या कॉम्प्युटरसाठी आपण सॉफ्टवेअर बांधायचो म्हणून तीन यंत्रं, आणि त्यांना तूच नावं ठेवली होतीस: थोरली, मधली, धाकटी. थोरली जाडजूड आणि घोरणारी, मधली दिसायला देखणी आणि नखऱ्याची, धाकटी कोपऱ्यात बसून गुपचूप काम करणारी. तिघींनाही भंगारात काढायचं होतं.

तर शुक्रवारी मी धाकटी रिकामी करायला बसले आणि तिच्या आउटपुट फोल्डरमध्ये मला एक जुनं बिल्ड, म्हणजे बांधून तयार झालेलं सॉफ्टवेअर, सापडलं. चार वर्षांपूर्वीचं, तू तयार केलेलं. त्यात आईचा आवाज आहे.

सगळा नाही. ऑपरेशनमध्ये आवाज जायच्या आधी तू तिच्याकडून म्हणून घेतलेल्या अकराशे चाळीस वाक्यांपैकी चारशे बारा. तेवढीच तू तोवर कापूनकुपून बांधली होतीस. पण आहेत. मी उघडून एकच ऐकलं, पहिलं, आणि बंद केलं.

तेव्हा ये. हे मी आधीच लिहायला हवं होतं, पण लिहायला निमित्त नव्हतं, आणि निमित्ताशिवाय पत्र लिहायची आपल्या घराला सवय नाही. त्या बांधलेल्या फाइलमधून वाक्यं पुन्हा सुटी करायची ती तुलाच येतात, मी हात लावलेला नाही. आईच्या सॉफ्टवेअरमध्ये आईचाच आवाज घालता येईल. तुटका असेल, पण तिचा असेल.

आणि एक सांगते. तुझ्या हातून जे झालं त्याबद्दल माझ्या मनात आता काही नाही. चूक माणसाच्याच हातून होते. जे झालं ते झालं, आपण मागचं उगाळत बसायला नको.

वायरिंगच्या कामात तुझा जम बसलाय असं तुझी बायको म्हणाली. बरं वाटलं. हात जपून घाल.

तुझी,
ताई


मंगळवार, ११ फेब्रुवारी, दुपार

धाकट्या,

वरचं पत्र मी रविवारीच पाकिटात घातलं होतं. चिकटवलं नव्हतं, कारण आईलाही चार ओळी लिहायच्या असतील म्हणून सोमवारी सकाळी तिला वाचायला दिलं. आवाज सापडल्याचं तोवर तिला सांगितलं नव्हतं. म्हटलं, पत्रातून कळेल, म्हणजे मला तोंडानं सांगायला नको. बघ, मी किती विचार करते.

तिनं चष्मा लावून दोन्ही कागद वाचले. आवाजाच्या ओळीवर थांबली, बोटानं ती ओळ परत वाचली. मग पुढे गेली. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात बसलेली बाई ती. दुसऱ्या टोकाचा माणूस खरं बोलतोय की थापा मारतोय हे तिला 'हॅलो'वरून कळायचं. तिनं माझं पेन मागितलं आणि 'तुझ्या हातून जे झालं' या ओळीपुढे एक टिंब काढलं. वर नीट बघ, दिसेल.

मग पाटीवर लिहिलं, 'हा पोरगा साबण संपला तरी विचारायचा, संपला का म्हणून. न विचारता सगळं साफ करेल?'

मी म्हटलं, अगं, तेव्हा घाई होती.

तिनं पुसलं आणि लिहिलं, 'त्यानं काय विचारलं होतं?'

चार वर्षांत हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता. आढावासाहेबांनी नाही, तूही नाही.

तिला कसं सांगितलं तेच आता तुला लिहिते. तुला यातलं निम्मं माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण मी कुठे पळवाट काढली असेल तर तुला लगेच दिसेल.

मी म्हटलं, आई, आमच्याकडे सॉफ्टवेअर बांधलं की ते एका ठरलेल्या फोल्डरमध्ये येऊन पडतं. त्याला आउटपुट म्हणतात. नवा पदार्थ करायच्या आधी कढई घासतात, तसा पुढचं बांधकाम करायच्या आधी तो फोल्डर पुरता झाडून घ्यायचा. त्यामुळे पहिला नियम असा, की आउटपुटमध्ये हातानं काही ठेवायचं नाही. तो नियम मी मोठ्या अक्षरात छापून यंत्रांच्या खोलीत लावला होता. खाली माझी सहीसुद्धा होती.

आई, तुझी रेकॉर्डिंग भलती मोठी. तिन्ही यंत्रांवर त्यांची प्रत करायची तर तास न् तास जायचे. म्हणून मी ती एकाच जागी, थोरलीच्या डिस्कवर ठेवली आणि तिन्ही आउटपुट फोल्डरमध्ये नुसतं एकेक दार बसवलं. दार उघडलं की माणूस थेट रेकॉर्डिंगच्या खोलीत. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. आउटपुटमध्ये काही ठेवायचं नाही हा नियम मी मोडतेय असं मनातही आलं नाही. दार म्हणजे काही वस्तू नव्हे, असं मी धरून चालले.

झाडण्याची स्क्रिप्टही, म्हणजे यंत्राला ते काम आपोआप करायला लावणारी आज्ञांची यादीही, माझीच. मधलीवर आणि धाकटीवर तिला असं दार दिसलं की ती दार तेवढं काढून टाकायची. थोरलीवर ती दारातून आत शिरायची आणि पलीकडची खोली झाडायची. प्रत्येक यंत्राचं वळण वेगळं, हे नवशिक्यालाही माहीत असतं. मी ती तपासली होती माझ्या टेबलाशेजारच्या मधलीवर, एकदा, आणि चहाला गेले होते.

आईनं विचारलं, 'दुसरी प्रत?'

रोज सगळ्याची प्रत निघायची. फक्त 'तात्पुरतं' नावाचे फोल्डर वगळायचे, असा नियम होता. नियम माझा. आणि रेकॉर्डिंगच्या त्या खोलीला मी घाईत नाव दिलं होतं 'तात्पुरतं'.

इथवर तरी चुकाच होत्या. मूर्खपणाच्या, पण चुका. पुढचं सांगायला मला सकाळचे साडेअकरा वाजले. मधे एकदा मी उठून धुतलेले कपडे परत घडी करायला घेतले, तर तिनं पाटीच्या कडेनं टेबलावर टकटक केलं.

तो गुरुवार होता. ऑपरेशन होऊन एकोणीस दिवस झाले होते, आईच्या गळ्याचे टाके नुकतेच निघाले होते. तू माझ्या टेबलापाशी आलास. मी आढावासाहेबांसाठी कसलातरी तक्ता भरत होते. तू म्हणालास, "ताई, नवं बिल्ड लावतोय. तिन्हीकडचं आउटपुट साफ करू का? थोरलीचं पण?"

मी मान वर केली नाही. मी म्हणाले, "आउटपुट म्हणजे केर. केर काढायला काय मुहूर्त लागतो? विचारत काय बसतोस प्रत्येक वेळी, कर साफ."

शेजारचे दोघे हसले. मला आवडलं ते हसणं. माझ्या जिभेला धार आहे असं सगळे म्हणतात, आणि तू ती धार लावायचा दगड होतास, लहानपणापासून. तूही हसलास आणि गेलास.

संध्याकाळपर्यंत रेकॉर्डिंगची खोली रिकामी होती. तू रेकॉर्डर उघडून बसलेला. रेकॉर्डरमधलं कार्ड तर रोजच्या रोज रिकामं करून वापरत होतो, तिथे काही असायचा प्रश्नच नव्हता. नेमकं कसं गेलं हे त्या दिवशी मला माहीत नव्हतं, हे मात्र खरं. आईसमोर शपथेवर सांगितलं, तुलाही सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. नोंदी काढून बघितल्या. स्क्रिप्ट दारातून आत गेलेली, एकेक वाक्य पुसत गेलेली, अकराशे चाळीस ओळी. मी खुर्चीत बसून त्या खालपर्यंत वाचल्या. मग स्क्रिप्टमध्ये चार ओळी घातल्या, म्हणजे पुन्हा कधी ती दारातून आत जाऊ नये. बदलाच्या वहीत लिहिलं, 'किरकोळ सुधारणा'.

ती नोंद अजून तशीच आहे. तारीख, वेळ आणि माझं नाव.

सोमवार नव्हता, तरी अकरा वाजता साहेबांनी खास आढावा बोलावला. साहेबांनी विचारलं, साफ कुणी केलं? तू म्हणालास, मी. त्यांनी विचारलं, खातरजमा केली होती का? तू माझ्याकडे बघितलंस. मला आठवतं, कारण तू नुसतं बघितलंस. माझं नाव घेतलं नाहीस, मी सांगेन म्हणून थांबलास. मी समोरच्या ग्लासातलं पाणी प्यायले. सगळं प्यायले, मोठा ग्लास होता. तो खाली ठेवेपर्यंत साहेब अहवाल सांगायला लागले होते: 'संबंधित कर्मचाऱ्याने पुरेशी खातरजमा न करता.' नाव न घेता बोट दाखवायची ही फार सभ्य सोय आहे. अहवाल मीच टाइप केला.

का, असं आईनं विचारलं नाही. तू विचारशील.

साहेबांची भीती नव्हती रे. जास्तीत जास्त काय, आणखी चार आढावे झाले असते. भीती आईची होती. आपल्या घरात हुशार मी आणि वेंधळा तू, ही वाटणी कधी झाली ते मला आठवत नाही. कुणी बसून केली नव्हती. पण त्या दिवशी ती तयार होती, आणि मी नुसती तिच्यात जाऊन बसले. तू काहीतरी हरवलंस याचं कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. मी हरवलं असतं तर वाटलं असतं. घरी आईला गोष्ट सांगणारीही मीच होते. आईनं तुला पाटीवर 'असू दे' लिहून दाखवलं, आणि त्यानंतर महिनाभर तुला वाढताना तिनं तुझ्याकडे बघितलं नाही. मी समोर बसून जेवत होते.

मग तू नोकरी सोडलीस, मग घर. मी सगळ्यांना सांगितलं, जरा हळवा आहे, येईल.

आणि परवा रविवारी मी तुला माफ केलं. वाचलंस ना? 'माझ्या मनात आता काही नाही.' आयुष्यात मी बरंच लागेल असं बोलले, पण इतकं निर्लज्ज वाक्य माझ्या हातून कधी उतरलं नव्हतं. ते कागद फाडून नवीन लिहिणार होते. आईनं हात धरला. म्हणून ते तसंच जातंय, टिंबासकट.

सगळं ऐकून झाल्यावर आईनं पाटी पालथी ठेवली.

काल दिवसभर तशीच. रात्री जेवताना पालथी, आज सकाळी चहाच्या वेळी पालथी. आवाज नसलेल्या माणसाचा अबोला काय असतो ते मला कळलं. तिला बोलता येत नाही याची मला सवय होती. ती माझ्याशी बोलत नाही, हे वेगळं. दाजींना ती दूध उतू जातंय असं खुणेनं सांगते, मला सांगत नाही. दूध उतू गेलं.

काल दुपारच्या आढाव्यात मी जुना अहवाल काढून दुरुस्त केला. 'संबंधित कर्मचारी' खोडून माझं नाव घातलं, तू विचारलं होतंस हे घातलं, मी दिलेलं उत्तर शब्दाला शब्द घातलं, आणि तेव्हाच्या सगळ्यांना पाठवला, सोडून गेलेल्यांनाही. साहेब म्हणाले, चार वर्षांपूर्वीच्या विषयावर आता कृती काय अपेक्षित आहे? मी म्हटलं, काही नाही, फक्त वाचायचं. शेजारच्या त्या दोघांपैकी एकाचा फोन आला. म्हणाला, मला आठवत होतं, पण तुम्हीच बोलला नाहीत म्हटल्यावर मी कशाला? म्हणजे तुझ्या बाजूचा एक साक्षीदार चार वर्षं माझ्या समोरच्या खुर्चीत बसून डबा खात होता.

आता ती चारशे बारा वाक्यं कशी बचावली, ते सांगायचं राहिलं. धाकटीवर तू ते बिल्ड दुसऱ्याच लॉगिनच्या खात्यातून चालवलं होतंस, त्यामुळे त्या फोल्डरला माझ्या स्क्रिप्टला न उघडणारं कुलूप बसलं. स्क्रिप्ट रोज त्याच्यापाशी जायची, कुलूप बघायची आणि परत येऊन सांगायची, 'साफ झालं'. कारण मीच तिला शिकवलं होतं, काही बिघडलं तरी गप्प बसायचं आणि पुढे जायचं. अशी हजारेक वेळा खोटं बोलली असेल. माझ्या शिस्तीनं जे घालवलं ते माझ्या या गलथानपणानं राखलं. यात मला काडीचंही श्रेय नाही, पण तुला गंमत वाटेल. पूर्वी वाटली असती.

एक वाईट बातमी आहे, तीही आत्ताच सांगून टाकते. वाक्यांची यादी तू आणि आईनं मिळून केली होती, आणि कामाची वाक्यं आधी घेतली होती. पाणी दे, औषध कुठलं, दार लाव, इथे दुखतंय. मायेची आणि रागावण्याची शेवटी ठेवली होती, कारण ती म्हणताना आई हसायची आणि परत परत घ्यावी लागायची. चारशे बारा म्हणजे कामाचीच. तुला हाक मारलेली साधारण नऊशेच्या पुढे होती. ती गेली.

पहिलं मी ऐकलं म्हणाले ना. ते यादीतलं नाहीच. तू सुरुवात कापायची विसरला होतास, वेंधळ्या. खुर्ची सरकल्याचा आवाज आहे. मग आई म्हणते, अगदी एक्स्चेंजातल्यासारखी, "हॅलो, येतोय का आवाज?" आणि लांबून तू म्हणतोस, "येतोय. बोल." तेवढंच. मग पाण्याचं वाक्य सुरू होतं.

धाकटी भंगारात गेली नाही. मी तिला घरी आणून तुझ्या खोलीत ठेवली आहे. रेकॉर्डिंगच्या वेळी कोठीच्या भिंतींना ज्या रजया लावल्या होत्या त्यातली एक तिच्यावर घातली आहे. फाइलच्या तीन प्रती तीन ठिकाणी आहेत, एक दाजींकडे, आणि तिन्ही जागांची नावं मी नीट विचार करून दिली आहेत.

आज दुपारी, हे लिहीत असताना, आईनं पाटी सुलटी केली. मला वाटलं दुधाचं काही असेल. लिहिलं होतं, 'तो आल्याशिवाय लावायचं नाही. मलाही नाही ऐकायचं.' मी म्हटलं, आणि नाही आला तर? माझ्या तोंडी तो प्रश्न शोभत नव्हता, पण विचारला. तिनं पाटी पुसली. पुसून तशीच कोरी माझ्यापुढे धरली.

ये असं आता मी म्हणत नाही. रविवारी म्हटलं होतं ते एका दुसऱ्याच बाईनं म्हटलं होतं. मी घरात असताना यायचं नसेल तर तुझ्या बायकोकडून दिवस कळव. मी त्या दिवशी बाहेर राहीन, दाजी दार उघडतील. लिहायचं नसेल तर कागदावर एक टिंब काढून पाठव. आईला वाचता येतं.

तू विचारलं होतंस. मीच म्हणाले होते, कर साफ.

ताई